शिपायाची भिंत

९ ऑक्टोबर, जव्हार

पुरातत्त्व खात्यातल्या कविताचा फोन. "मीनाताई, सध्या रिकाम्या आहात का?" निवृत्त चित्रकला शिक्षिकेला हा प्रश्न विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. तरी हो म्हटलं. तिच्या कार्यालयाला तालुक्यातल्या जुन्या सरकारी इमारतींमधल्या भिंतचित्रांची पाहणी करून हवी आहे. जन्म जव्हारात गेला, तेव्हा वारली चित्रं म्हटली की सगळ्यांना मीच आठवते, जणू मीच ती शोधून काढली.

आज पोशेऱ्याकडच्या वरच्या पाड्यावर गेले. जीप अर्ध्यात सोडते, पुढचा चढ पायी. गुडघ्यांना आई आठवली. तिथली शाळा पट कमी झाला म्हणून बंद पडली, पोरं आता खालच्या गावात जातात. छप्पर एका बाजूने बसलंय. चरफडत आत पाय टाकला आणि जागच्या जागी उभी राहिले.

अख्खी भिंत गेरूने सारवलेली आणि त्यावर तांदळाच्या पिठाचं पांढरं चित्र. डाव्या टोकाला डोंगर, मग आगगाडी, नदी, घाट, भाताची खाचरं, आणि उजव्या टोकाला पाडा: घरं, विहीर, उखळाशी बाया. पाड्याच्या जरा अलीकडे, बांधावर, एक शिपाई. टोपी, बंदूक, पाठीवर वळकटी, मागे दोरीला एक जनावर. वर आढ्याखालच्या तुळईवर निळ्या ऑइल पेंटची अक्षरं, ‘अमर जवान स्मारक’.

इतकी वर्षं पोरांना सांगत आले की या चित्रांत लग्न असतं, तारपा वाजवत नाच असतो, शेती असते, शिकार असते. लढाई नसते. आणि हे माझ्या घरापासून एवढ्या जवळ! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

उपसरपंच हेमराज भेटला. पस्तिशीचा, बोलायला सरळ. इमारत पाडायची आहे म्हणाला, महिनाअखेरच्या नाही, पुढच्या महिन्याच्या ग्रामसभेत ठराव येणार. अंगणवाडीची पोरं ताडपत्रीखाली बसतात, जागा हवी. त्याचं काही चूक नाही. पण ही भिंत मी पडू देणार नाही.

१३ ऑक्टोबर

हेमराजने शाळेचे दोन जुने फोटो मिळवून दिले. एकात पोरं रांगेत बसलीत आणि मागे हीच भिंत. शिपाई आहे, पण आगगाडीजवळ. दुसरा बराच नंतरचा, रंगीत. त्यात शिपाई नदीच्या अल्याड.

म्हणजे किमान तीन जवान! दोघांची चित्रं काळाच्या ओघात पुसट होऊन गेली, एक उरला. कविताला लगेच कळवलं. जनावर म्हणजे घोडा, तेव्हा घोडदळाचा संबंध तपासावा, असंही लिहिलं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही कमाल आहात." आहेच.

१६ ऑक्टोबर

चित्र कुणी काढलं असं विचारलं की सगळा पाडा एकाच घराकडे बोट दाखवतो. गौराबाई. सत्तरीच्या आसपास, काटक, हातात भरगच्च हिरव्या बांगड्या, गळ्यात काळे मणी. शाळेत खिचडी शिजवायची. शाळा बंद झाली तरी रोज जाऊन झाडते.

ती स्वतः फार बोलत नाही. माहिती मिळाली ती सखाआजोबांकडून, ते तिच्या नवऱ्याचे सोबती. नवरा सोम्या. लग्न झालं त्याच वर्षी फौजेत गेला, खेचरं हाकायला. (म्हणजे घोडा नाही. कविताला सावकाश सांगेन.) याच शाळेच्या पडवीतून चालत निघाला. एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली, पुढे काही नाही. पेन्शनसाठी साहेब लोक आले होते, पण ‘मेला’ म्हणून अंगठा हवा होता, तो तिने दिला नाही.

मी तिला विचारलं, "हा तुमचा नवरा ना?" ती म्हणाली, "तो येल." बस्स, एवढंच.

मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. अरविंद गेले त्याला तीन वर्षं झाली. मी तेरावं आटोपलं आणि दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं केलं. त्यांचा फोन तेवढा चालू ठेवलाय, बँकेचे मेसेज येतात म्हणून. माणसाने वास्तव स्वीकारायला हवं, त्याला शिक्षण लागतं असं नाही.

पण अभ्यास म्हणून हे सोनं आहे. वीरपत्नीने स्वतःच्या हाताने रंगवलेलं युद्धस्मारक! बाकीचे दोन जवान त्याच्या तुकडीतले असणार.

३ नोव्हेंबर



दिवाळीनंतर आज पहिल्यांदा वर गेले. भिंत कोरी आहे.

डोंगर नाही, गाडी नाही, शिपाई नाही. ओला गेरू आणि शेणाचा वास. मी किंचाळले असणार, कारण हेमराज खालून पळत आला. मला वाटलं यांनीच पुसली, इमारत पाडायची म्हणून आधी पुरावा मिटवला. त्याला नाही नाही ते बोलले. तो बिचारा ऐकून घेत उभा. मग म्हणाला, "बाई, काकीने पुसली. दरवर्षी पुसते."

दरवर्षी! पन्नास वर्षांपूर्वीचं चित्र म्हणून मी अहवाल पाठवलाय, आणि ते गेल्या हिवाळ्यातलं होतं.

४ नोव्हेंबर

रात्री डोळ्याला डोळा नाही. सकाळीच वर.

गौराबाई भिंतीसमोर बसलेली, वाटीत नव्या भाताचं पीठ कालवलेलं, हातात चावून मऊ केलेली बांबूची काडी. डोंगर झाले होते, आगगाडी होत होती. एवढी मोठी भिंत ती न पुसता, न चुकता लिहीत होती. हे लोक चित्र काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात.

मला राहवलं नाही. वाटी सरकवायला हात पुढे केला. तिने विचारलं, "तुझा माणूस कठं असतो?"

सांगितलं.

तिने वाटी हळूच पदराखाली घेतली. रागाने नाही, एखाद्याचं तान्हं बाळ आपण सावरून घेतो तशी. म्हणाली, सवाशिणीनंच लिहायचं असतं, विधवेचा हात लागला तर चालत नाही, वाईट वाटून घेऊ नको. लग्नाच्या चौकाला, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरच्या चित्राला, हा नियम आहे हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी स्वतः वर्गात शिकवलाय. पण आपल्या तोंडावर आला की कळतं. उठून बाहेर गेले, मनात तिला अडाणी म्हटलं, दोनदा म्हटलं.

परत आले तेव्हा ती शिपाई लिहीत होती. मी फोनमधला ऑक्टोबरचा फोटो काढून ताडून पाहिला आणि म्हटलं, तुम्ही त्याला चुकीच्या जागी लिहिताय, तो बांधावर होता, तुम्ही विहिरीजवळ आणलात. शिक्षिका ना मी, चूक दिसली की जीभ थांबत नाही.

ती हसली. पहिल्यांदाच.

"एक वरीस झाला ना, बाई. चालतोय तो."

पोरांच्या रांगेचा तो फोटो, आगगाडीजवळ. रंगीत फोटो, नदीच्या अल्याड. तीन जवान नव्हतेच. एकच होता, आणि ही बाई दर वर्षी नव्या तांदळाच्या पिठाने त्याला थोडा थोडा घराकडे आणत होती.

हे स्मारक नाही. मी कसलं स्मारक म्हणून बसले होते!

८ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते.

फोटो घेत होते. गौराबाई शेजारी उभी. वरच्या निळ्या अक्षरांवर धूळ होती, मी काठीला फडकं बांधून पुसली आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "अमर जवान स्मारक." ती म्हणाली, काय वाचलंस? मी पुन्हा वाचलं. वर अर्थही सांगितला, वर्गात सांगावा तसा: लढाईत मेलेल्या शिपायाची आठवण.

ती तुळईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी बोलला, शालेचा नाव लिवलाय."

कुठलेसे गुरुजी होते, साहेब तपासणीला येणार म्हणून त्यांनी रंगवलं होतं. हिने विचारलं तेव्हा शाळेचं नाव आहे म्हणाले. त्यानंतर इतकी वर्षं ती या अक्षरांखाली उभी राहून त्याला घरी आणत होती.

ती गेली. मी हेमराजला गाठलं. म्हटलं, इथे निम्मा पाडा शिकलाय, एकानेही तिला वाचून दाखवलं नाही? तो म्हणाला, पहिलीत असताना त्याने नवीन वाचायला शिकल्याच्या आनंदात ती ओळ मोठ्याने वाचली होती. सखाआजोबांनी अशी थोबाडीत दिली की गाल दिवसभर झणझणत होता. "पुन्हा कुणी वाचली नाय, बाई. आमची पोरंपण नाय वाचत. त्यांना आम्ही आधीच सांगतो."

सगळा पाडा. पहिलीतल्या पोरांपासून. आणि मी आले, पदव्या घेऊन, एका महिन्यात वाचून मोकळी झाले.

१२ नोव्हेंबर

कविताच्या कार्यालयाचं उत्तर आलं. नुसत्या चित्राला संरक्षण मिळत नाही, त्यातून ते दरवर्षी पुसलं जातं म्हटल्यावर मुळीच नाही. युद्धस्मारक म्हणून मात्र वाचवता येईल. त्यासाठी ग्रामसभेत जवळच्या नातेवाइकाने सांगायला हवं की सदर जवान मरण पावला आहे. नातेवाईक म्हणजे ती एकटीच.

हेमराजशी बोलले. तो म्हणाला, ठराव फिरवायला त्याची तयारी आहे, छप्पर दुरुस्त करून दुसऱ्या खोलीत अंगणवाडी बसवू. पण काकीला हे विचारायला पाड्यात कुणाचं तोंड उघडणार नाही. त्याचं तर नाहीच, तिच्या हातची खिचडी खाऊन तो वाढला.

म्हणजे मेला म्हटलं तर भिंत राहते, आणि नाही म्हटलं तर भिंतीसकट तोही जातो. दोन्हीकडून तिचीच मान कापली जाणार. ज्या कुणी हे नियम केले त्यांना एकदा हा चढ चढायला लावला पाहिजे.

मीच विचारणार. वाचून दाखवायला जीभ चालली ना, मग आता मागे का राहावं?

१५ नोव्हेंबर

विचारलं.

ती ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सुपाचा आवाज थांबला नाही. शेवटी म्हणाली, "मेला बोलली तं शाला नाय पाडणार?"

"नाही पाडणार."

"न् मग मना लिवता नाय येणार."

सवाशिणीचा हात. तिचाच नियम. म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा, कुणी जबरदस्ती करणार नाही. तिने ग्रामसभा कधी आहे ते विचारलं. बुधवारी, सव्वीसला. मग विचारलं, घरात नवे तांदूळ थोडे आहेत, पुरतील का? मला वाटलं जेवणाचं बोलतेय. म्हटलं पुरतील की, एकट्या माणसाला कितीसे लागतात.

जिना उतरावा तसा घाट उतरले आणि जीपमध्ये रडू आलं. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, गुडघा का? हो म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गौराबाईने पुन्हा पीठ कालवलंय. वर्षातून एकदा लिहायचं ते दुसऱ्यांदा! डोंगर, गाडी, नदी काही छेडलं नाही. फक्त विहिरीजवळचा शिपाई ओल्या गेरूने पुसला आणि घराच्या दारात लिहिला. डोक्यावरची टोपी काढलेली. खेचर बाहेर खुंट्याला. दारात एक बाई, हातात तांब्या.

मी लांब बसून पाहिलं, वाटीच्या जवळही गेले नाही. सखाआजोबा येऊन गेले. बघितलं, डोक्यावरचं मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं आणि गेले.

ती तिन्हीसांजेला घरी गेली ती घाईघाईने. मी म्हटलं, बसा जरा. म्हणाली चूल पेटवायची आहे.

मला आनंद झाला. ग्रामसभेत ती आता मेला म्हणणार नाही हे उघड आहे, तरीही झाला. भिंत वाचवण्यासाठी मी दीड महिना जिवाचं रान केलं आणि आज ती पडणार हे कळल्यावर हलकं वाटलं. वेड लागलंय मला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज घरात दोघं लिहिलीत. समोर भात, भाकर. शेजारी उखळाशी चार बाया आहेत त्यांनी माना वळवून बघितल्यासारखं लिहिलंय, त्या जुन्याच बाया, पण आज वळल्या. एवढ्याशा काडीने बाईला कसं साधतं कोण जाणे.

पाड्यातल्या बायका एकेक करून येऊन गेल्या. कुणी काकडी आणली, कुणी सुकी मासळी. गौराबाईच्या घरी पाहुणे असल्यासारखं. मी हेमराजला म्हटलं, हे सगळे तिला फार जपतात. तो नुसता हं म्हणाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या ग्रामसभा. भिंतीवर आज बदल आहे: शिपाई आडवा लिहिलाय, घोंगडीवर, बाई उशाशी.

"झोपवलंत त्यांना?" मी विचारलं.

"ताप भरलाय," ती म्हणाली. काडी वाटीत ठेवली, वाटी धुतली आणि काडी मोडून चुलीत घालायला घेऊन गेली. एवढा लांबचा प्रवास करून आलेला माणूस, दमणारच, असं मी काहीतरी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, ते मला अजून कळलं नाही कसं बघितलं ते.

२६ नोव्हेंबर, रात्री नव्हे, अजून उजेड आहे. लगेच लिहून काढते

शाळेच्या अंगणात सभा. पाडा झाडून हजर. ग्रामसेवकाने आधीच लिहून आणलेलं हेमराजने वाचायला घेतलं: सोम्या याच पाड्याचा रहिवासी, सन एकाहत्तरच्या लढाईत...

"नाय," गौराबाई उभी राहिली. "लढाईत नाय."

मी डोळे मिटले. संपलं, भिंत गेली.

"तो घरी आला," ती म्हणाली. "शुक्रवारी आला. दोन दिस जेवला माझ्या हातचा. मंग ताप आला. आज पहाटं गेला. घरी गेला तो. माझ्या मांडीवर."

ग्रामसेवक बाहेरगावचा. तो हसणार होता, ओठ हललेही. पण त्याच्याशिवाय कुणीच हललं नाही. काल ती म्हणाली होती ताप भरलाय. मी तिला प्रवासाची दमणूक समजावून आले होते!

मग सखाआजोबा उठले, काठी टेकत. म्हणाले, "मी भेटलू त्याला. मना वळखला. लय थकलेला."

मागून एक बाई म्हणाली, तिने विहिरीवर पाहिला. दुसरी म्हणाली, तिने काकडी दिली, त्याने खाल्ली. कुणी आवाज चढवला नाही. जमिनीच्या हद्दीची साक्ष द्यावी तसे एकेक उठत होते, सांगत होते, बसत होते. ग्रामसेवक हेमराजकडे बघायला लागला. हेमराजच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. तो माझ्याकडे वळला.

"बाई, तुम्ही रोज होतात इथं. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही पाहिला ना?"

मी आयुष्यात खोट्या माहितीवर सही केलेली नाही. पोरांच्या वह्यांत अर्धा मार्कसुद्धा फुकट दिला नाही. उभी राहिले तेव्हा काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"पाहिला," मी म्हटलं. "दारात टोपी काढून उभा होता."

हेमराजने ग्रामसेवकाला सांगितलं, लिहा: सोम्या मयत. कुठे, कधी, ते राहू द्या. भिंत ठेवायची, अंगणवाडी शेजारच्या खोलीत. हात वर करा. सगळे हात वर झाले.

सभा संपली तरी कुणी घरी गेलं नाही. बाया गौराबाईला धरून तिच्या ओट्यावर घेऊन गेल्या, दगडावर हात ठेवून बांगड्या फोडल्या. आणि तेव्हा ती ओरडली. मी तिथून वीस पावलांवर असेन. हे इतक्या वर्षांचं साचलेलं रडणं नव्हतं, तसं असतं तर मला कळलं असतं. आज सकाळी नवरा गेलेली बाई जशी रडते, तशी ती रडत होती. त्याने काय खाल्लं, काय म्हणाला, रात्री किती वेळा पाणी मागितलं, हे सगळं रडता रडता सांगत होती, आणि बाया हो हो म्हणत होत्या.

मला जागा करून दिली कुणीतरी. मी जाऊन तिच्या शेजारी बसले.